उलट्या तारा

विक्रोळीच्या एका हॉस्पिटलच्या बाकावर प्रेमा नवऱ्याचा डबा घेऊन बसली होती. शेजारी दोघे ऑर्केस्ट्रावाले बोलत होते. गिटारीतलं तिला ओ की ठो कळत नव्हतं, पण कान तिकडेच.

"दत्ताराम, ती चकचकीत नको रे. पॉलिश झकास, आत नुसता प्लायवूड."

"पण तिला आवाज उचलणारे पिकअप दोन आहेत ना, भीमराज?"

"दोन्ही घूंऽऽ करतात. जुनी घे. पिकअप एकच, पण फळी कोरीव लाकडाची."

"तारांखालचा ब्रिज चिकटवलाय?"

"नाही, तारांच्या दाबावरच उभा राहतो. का?"

"म्हणजे फिरवून तारा उलट्या लावता येतील. डावखुऱ्याला."

"पण तुझा पोरगा नंदू तर उजव्या हाताने छेडतो!"

"कंपनीत प्रेसखाली डाव्या हाताची, तारा दाबायची चारही बोटं गेली, यार."

"बोटं गेल्याचं त्याला सांगितलंस?"

"कसं सांगू? बँडेजच्या आत कॉर्ड धरून बघतोय म्हणतो."