शकुंतलेच्या खिडकीतलं भांडण

मी अंजनगाव सुर्जीची. बाप पानमळ्यात राबे, आमी दोघी बहिनी पानं खुडायचो; मी मोठी अन् इमली माया पाठची. तिचं लगन गावातच झालं, मले दिलं दर्यापुराकडच्या एका खेड्यात, टेसनाले लागून घर. बाप म्हने, काहून रडतं, दारात गाडी आहे. गाडी म्हनजे शकुंतला, अचलपुराहून मूर्तिजापुराले जानारी बारकी गाडी. इंग्रजाच्या काळात कापूस न्याले रूळ टाकले म्हने, अन् कापसाच्या मांगून आमी मान्सं बसलो. फाटक आलं का गाडीतलाच मानूस उतरे, फाटक लावे, गाडी पुढं गेली का फाटक उघडून पुन्हा येऊन बसे. अशा गाडीची कोनाले भीती.

इमली बाजाराच्या दिवशी पानाच्या करंड्या घेऊन मूर्तिजापुराले जाये. आमच्या टेसनावर गाडीवाले चहा पेत, तेवढ्यात मी तिच्या खिडकीपाशी. काय सांगू तुमाले, भेटलो का भांडनच. सकाळी ती म्हने, आईले मायाच हातची भाजी आवडते, अन् गाडी हाले. मंग मी दिवसभर चुलीपुढं जवाब घोळवत बसायची, संध्याकाळी ती परतली का तोंडावर फेकायची, अन् तिचा जवाब पुढच्या बाजाराले. एक भांडन पोळ्यापासून दिवाळीपर्यंत पुरे.

पन मी मुलखाची बावळट. एकदा तिनं असा टोला देला का मले संध्याकाळपर्यंत दम निघेना, हालत्या गाडीत चढली, चुलीवर दूध ठेवून. भांडन जिंकलं, पन उतरली पुढच्या टेसनावर, अनवानी. रुळारुळानं चालत घरी आली तं सासू करपलेलं पातेलं घेऊन दारात उभी. म्हने, जिंकली का वं? हसा, मले बी हसू येते.

मंग एक दिवस गाडी आलीच नाही. रूळ थकले म्हने. आज येईन, उद्या येईन करत मी टेसनावर जाऊन बसायची. तिथं आता बाभळी उगवल्या, बकऱ्या बसून राहिल्या. मोठी गाडी येनार म्हने, मोजनारेबी येऊन गेले. येऊ दे. माया गुडघ्याले एसटीची पायरी चढवत नाही अन् इमली खाटेवरून उठत नाही. मालक गेले, पोरगा पुन्याले, घरात मी अन् भिंती.

इमलीची सून तिच्या कानाले फोन लावून देते. परवा मी मुद्दाम खोडी काढली. म्हनलं, इमले, तुयी पुरनपोळी जल्माची जाड, कुत्रंबी तोंड लावत नव्हतं. अन् वाट पाहत बसली, आता बोलन, मंग बोलन. ती हळूच म्हने,

“हो वं ताई, तुयंच खरं.”

सरलं भांडन. दिवसभर घोळवाले काहीच उरलं नाही. चूल पेटवली नाही मी त्या दिवशी. गाडी असती तं तशीच जाऊन बसली असती, तिले खांद्याले धरून हालवलं असतं, म्हनलं असतं, मान्य काहून करतं वं, भांड.

देवाले आता एवढंच मांगनं. मोठी गाडी येवो का न येवो, माया इमलीच्या जिभेत थोडा जोर घाल बाप्पा, एक डाव तिनं मले खोटं पाडलं पायजे.