सैल करायचा झगा

बसथांब्याच्या बाकावर जप करत बसलेल्या काकूंच्या कानावर शेजारच्या दोघी बहिणींचं बोलणं पडत होतं.

"गेलीस शेवटी त्या बाईकडे?"

"गेले, ताई. म्हटलं, माझ्या नवऱ्याला नादी लावणारीचं तोंड तरी बघू."

"मग? चांगली झाडलीस ना?"

"तिनं दार उघडलं, तर अंगात मी शिवलेला झगा!"

"तू शिवलेला?"

"हे स्वतः माप घेऊन आले होते. म्हणाले, साहेबांच्या बायकोचा आहे, जीव ओतून शिव."

"अगं बाई! मग काय बोललीस?"

"माझं लक्ष झग्याकडेच. कंबरेत काचत होता तिला."

"काचू दे मेलीला! आणि ही पिशवी कसली?"

"तोच झगा. सैल करायला घेऊन आले. दिवस गेलेत तिला."

माळ कुठल्या मण्यावर होती, ते काकूंना आठवेना.