भिरगुंडी

(कामरगाव. बसस्टँडसमोर प्रसेनजितचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान. भरदुपार. लाइट गेलेली, लॅपटॉप बॅटरीवर.)

प्रसेनजित : ...म्हंजे ताई, तू एकटीच नाई म्हनून राह्यली. बाकी साऱ्याईले फोनवरचा ग्रुपच पायजे.

निता : एकटी तं एकटी. ग्रुप नको करू, भाऊ.

प्रसेनजित : काहून पन? आपला वऱ्हाडी कळफलक आता जिल्ह्याभर चालून राह्यला. ‘मले’ लिवलं का फोन त्याचं ‘मला’ करत नाई, लोकं खुश हायेत. पन चूक सांगाची असली, नवा शब्द द्याचा असला, तं नेटवरच्या त्या बोर्डावर जाऊन लिवा लागते. कोन जाते तिथं? इंद्रभान गुरुजी आसेगावहून फोन करतात, म्हनतात, बाप्पा, तुहा तो बोर्ड मले सापडतच नाई. ग्रुप असला तं बोलून पाठवतीन, काम खतम.

निता : ग्रुपात नंबर दिसते.

प्रसेनजित : दिसू दे ना! आपलं सारं कामच उघडं. सॉफ्टवेअर उघडं, शब्द उघडे. फुकट घ्या, बदला, वाटा. लपवाचं काय आहे आपल्यात?

निता : कळफलक ठेव उघडा. मानसाईले कायले उघडं पाडून राह्यला?

प्रसेनजित : हे घ्या! तू शब्द इतके साफ देते आन बोलते मात्र कोड्यात. सांजेले हरीओमले पुण्याले कळवाचं आहे, बोर्ड का ग्रुप. तो तिकडून सारं बसवून देते.

निता : बोर्ड म्हनून सांग. आन त्या बोर्डावरचा माहा एक शब्द काढून टाक. त्याच्यासाठीच पळत आली मी.

प्रसेनजित : कोनता?

निता : भिरगुंडी.

प्रसेनजित : अवो, तो तं साऱ्यात भारी शब्द! ‘अचानक उठलेली वावटळ.’ गुरुजी म्हनले, जलमात आयकला नाई. कालपासून कोनीतरी त्याच्याखाली इचारूनबी राह्यलं.

निता : कोन?

प्रसेनजित : नाव नाई. नाव नाई देल्लं का बोर्ड आपोआप ‘पाहुणा’ लिवते. हे पाय : ‘हा शब्द कोनं देल्ला? बाई आहे का मानूस? कोनत्या गावची?’

निता : तू काय लिवलं?

प्रसेनजित : तू बस पयले.

निता : तू काय लिवलं, भाऊ?

प्रसेनजित : लिवलं का... ‘आमच्या एका ताईनं देल्ला. कामरगावची आहे.’ नाव नाई लिवलं हां. नाव कायले लिवीन मी?

निता : गाव लिवलं ना. झालं मंग.

प्रसेनजित : काय झालं? ताई, मले सांगशीन का नाई?

निता : शटर ओढ.

प्रसेनजित : भरदुपारी?

निता : अर्धं तरी ओढ. रस्त्यावरून आतलं सारं दिसते.

प्रसेनजित : घे. ओढलं. आता बोल.

निता : भिरगुंडी म्हंजे वावटळ नाई. असा शब्दच नाई कुठं. आमी दोघी जावांनी बनवला, मी आन शीलानं, रिठदच्या घरी. राजपाल पिऊन गल्लीत शिरला का शीला भांडे घासता घासता वरडे, ‘भिरगुंडी आली वं!’ का मी पळाची. त्याले वाटे, बाया वाऱ्याचं बोलून राह्यल्या.

प्रसेनजित : राजपाल म्हंजे...

निता : नवरा. वच्छलामावशीच्या खोलीत मी एकटी काहून राहते म्हनून तुहे दोस्त इचारतात ना? त्याच्यापायी. मी कुठं हाये हे त्याले माहीत नाई. माहेरी जाऊन आला तो दोनदा, कुऱ्हाड घेऊन.

प्रसेनजित : बापा रे. मंग हा शब्द टाकला कायले तू?

निता : टाकला नाई, निसटला. तू म्हनला, घरातले शब्द आठवा. मी आपली सैपाकघरातले लिवत गेली, गंज, कोपर, पावशी, आन त्याच्यातच भिरगुंडी बसली. इतके वर्षं बोलली, मले तो खराच शब्द वाटला. आज भाकर थापता थापता ध्यानात आलं, हा तं कोनाच्याच घरी नाई. तवा तसाच ठेवून आली.

प्रसेनजित : आन मी गाव सांगून बसलो. माहीच चूक आहे, ताई. काढतो. शब्द काढतो, उत्तर काढतो, हे पाहुण्याचं दारच बंद करतो.

निता : उत्तर काढ. गाव काढ पयले. ...काढलं?

प्रसेनजित : काढलं. आता शब्द.

निता : थांब.

प्रसेनजित : आता काय?

निता : राजपालनं शब्द आयकला असन. पन भिरगुंडी आल्यावर काय कराचं, हे त्याले कुठं माहीत आहे? ते आमाले दोघीलेच माहीत. इचार त्या पाहुण्याले. लिव : ‘भिरगुंडी आली का काय करतात?’

प्रसेनजित : ताई, नको छेडू. गप राहू.

निता : गप राहूनच तं इथवर आली. लिव.

प्रसेनजित : लिवलं. ...काई नाई येत. तू पानी पे बरं. ...थांब, थांब. आलं.

निता : वाच.

प्रसेनजित : ‘परसातून बेबीबाईच्या घरी पळाचं.’

निता : शीला आहे. माही शीला आहे, भाऊ!

प्रसेनजित : रडू नको. अजून आलं. ‘तू गेल्यापासून भिरगुंडी माह्या दारी येते. हे कामाले बाहेरगावी असतात. बेबीबाई वारली. आता कुठं पळू?’

निता : अरे देवा. माह्या वाटचं तिच्यावर गेलं.

प्रसेनजित : ताई, एक इचारू? तो राजपाल मांगून उभा राहून तिच्याकडून लिववून घेत असन तं?

निता : असनबी. मले काय माहीत? पन ती एकटी असन आन मी गप राह्यली तं?

प्रसेनजित : तिचा नंबर असता तं फोन तरी...

निता : नंबर! तिच्याकडं फोन नाई. हा सासूचा असन. राजपाल रोज पायते, कोनाचा फोन आला, कोनत्या ग्रुपात काय आलं. ग्रुप असता तं ती येऊ शकली असती काय?

प्रसेनजित : नाई.

निता : तुह्या त्या न सापडनाऱ्या बोर्डावर सापडली ती मले.

प्रसेनजित : हरीओमले सांगतो. ग्रुप नाई. पाहुण्याचं दारबी बंद नाई कराचं. गुरुजीले मी सवता जाऊन शिकवीन. पन तिले आता काय लिवाचं? सारं जग वाचते इथं.

निता : लिवू नको काई. नवा शब्द टाक.

प्रसेनजित : कोनता?

निता : कडी.

प्रसेनजित : कडी तं साऱ्याईलेच माहीत आहे.

निता : अर्थ लिव : ‘दाराले आतून लागते.’

प्रसेनजित : लिवलं. अर्थाखाली उदाहरण द्या लागते.

निता : दे. ‘बसस्टँडसमोर कळफलकवाल्याच्या दुकानात चांगली कडी भेटते.’ गाव तिनं वाचलंच आहे. तिले समजन, कुठं पळाचं ते.

प्रसेनजित : आन त्यानं वाचलं असन तं?

निता : तं तोबी इथंच येईन.

प्रसेनजित : ...टाकला शब्द. पन ताई, माह्या दुकानाले आतून कडीच नाई. नुसतं हे शटर आहे.

निता : मंग लावून घे, भाऊ. आजच.