मुलुखिया, दोन वेळा

अवातिफ: गोळ्या कुठे टाकता, बाबा? बेसिनमध्ये, की खिडकीतून?

बाबा: पोटात. अल्लाशपथ, पोटात.

अवातिफ: मग रक्त घट्ट कसं झालं? रक्त किती पातळ आहे त्याचा आकडा अडीचच्या वर हवा. दीड आलाय. दीड!

बाबा: लॅबवाल्याने घोळ घातला असेल.

अवातिफ: दोनदा तपासलंय त्यांनी. चाळीस दिवस झाले झडप बसवून. धातूची आहे ती. रक्त पातळ राहिलं नाही, तर तिच्यावर गुठळी धरते. आणि सर्जन म्हणाले, अडुसष्टाव्या वर्षी हीच छाती पुन्हा उघडायची वेळ आली, तर—

बाबा: तर?

अवातिफ: शर्ट घाला. लगेच बोलावलंय. गाडी खाली उभी आहे.

आत्या: अगं, कसला आरडाओरडा? खाली माझ्या घरात ऐकू येतंय. आजारी माणूस आहे, पोरी!

अवातिफ: बरं झालं आलात, आत्या. तुमचे भाऊ गोळ्या फेकून देतात.

आत्या: कोण, रिफात? छे. माझ्यासमोर गिळतो. तू शाळेत शिकवायला जातेस, तेव्हा इथे कोण असतं? मीच ना?

बाबा: ऐक. साक्षीदार आली.

अवातिफ: तुम्ही गप्प बसा. आत्या, खायला काय देता?

आत्या: तू सांगितलंस तेच. सॅलड बंद, पालेभाजी बंद. एक पान दिलं असेल तर हात झडो माझा. भात, रस्सा, बस.

अवातिफ: कसला रस्सा?

बाबा: इन्शिराह, माझी काठी कुठे आहे बघ.

आत्या: हातात आहे तुझ्या. कसला म्हणजे? मुलुखियाचा.

अवातिफ: मुलुखिया.

आत्या: सशाच्या मटणाच्या पाण्यात. सकाळी वाटीभर, संध्याकाळी वाटीभर. ताकद नको यायला?

अवातिफ: रोज?

आत्या: अशी का बघतेस? ती काय पालेभाजी आहे? ती पितात!

अवातिफ: पानंच आहेत ती, आत्या! गोळी जे करते ते ती पानं मोडून काढतात. हॉस्पिटलचा कागद लावलाय ना मी फ्रिजवर. पहिल्याच ओळीत मुलुखिया लिहिलीय.

आत्या: मला कुठे वाचता येतं?

अवातिफ: …बाबांना येतं.

आत्या: रिफात?

बाबा: गाडी थांबलीय ना खाली?

आत्या: तुला माहीत होतं?

बाबा: तू आल्याच्या दुसऱ्या दिवशी वाचलं.

आत्या: आणि तरी वाटी पुढे करत राहिलास?

बाबा: आई गेल्यापासून खालीच राहिलीस, अकरा वर्षांनी जिना चढून आलीस. आत पडल्या पडल्या ऐकलं मी, लसणाची फोडणी टाकताना श्वास आत ओढलास, आई ओढायची तसा. मग काय सांगू? वाटी परत ने म्हणून?

आत्या: हो! तेच सांगायचं! मला खुनी करायला निघाला होतास?

बाबा: वाटलं, गोळी आणि वाटी आपापसात काय ते बघून घेतील.

अवातिफ: बाबा!

आत्या: आईला मातीत घातलंस मी पोचायच्या आत. वर म्हणालास, निरोप मिळाला नाही, तू निघालीस ते कळलंच नाही. तेव्हाही तोंड शिवलेलं, आताही शिवलेलं.

अवातिफ: आत्या, आता नको. फोन येतोय… हो, डॉक्टर. निघतोय. नाही, तोंड वाकडं नाही. बोलणं स्पष्ट आहे. हो… हो, लक्ष ठेवते. ठेवते.

आत्या: काय म्हणतात?

अवातिफ: गुठळी सुटली तर मेंदूत जाऊ शकते. वाटेत बोलतं ठेवा म्हणाले. जीभ जड वाटली तर क्षणभरही थांबू नका.

आत्या: ऊठ रे. नाही, हात टेकून नको! छातीचं हाड अजून कच्चं आहे. माझ्या खांद्यावर ये.

(जिन्यात. चौथा मजला.)

अवातिफ: मी पुढे होते, दार उघडून ठेवते. बाबा, कठड्याला ओढ द्यायची नाही. आत्या, बोलतं ठेवा त्यांना.

आत्या: बोल.

बाबा: काय बोलू?

आत्या: काहीही. भांड.

बाबा: तुझा गुडघा वाजतोय.

आत्या: तुझी झडप वाजतेय. पुढे?

बाबा: —

आत्या: रिफात?

बाबा: —

आत्या: अवातिफ! हा बोलत नाहीये! रिफात, इकडे बघ. तोंड उघड. बोल रे, भावा!

बाबा: ओरडू नकोस. जीभ ठीक आहे. शब्द जुळवत होतो.

आत्या: जीव घेशील माझा. कसले शब्द?

बाबा: निरोप मिळाला होता. तू तेव्हा तंता शहरात गेली होतीस, तिथून निघालीस, दोन तासांत पोचशील, सगळं कळलं होतं. लोक म्हणाले, मय्यत ठेवू नये. मी थांबलो नाही. आता तू बोल.

आत्या: पुढची पायरी तुटलेली आहे. सावकाश. भार माझ्यावर टाक.