चारच्या बसची दोन मिनिटं

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष महोदया, व्यासपीठावरचे परिवहन खात्याचे मान्यवर, आगार व्यवस्थापक, चालक-वाहक बंधुभगिनींनो, मागच्या दाराशी उभे असलेले वर्कशॉपमधले मित्र, आणि ज्यांच्या निरोपासाठी आपण या कँटीनचं सभागृह केलं ते आपले काटाभाऊ व शेजारी बसलेल्या वहिनी,

तिकीट तपासनिसाला लोक आपणहून बोलायला उभं करतात, हेच माझं भाग्य. एरवी मी दिसलो की सगळे खिडकीबाहेर बघायला लागायचे.

काटाभाऊंना हे नाव का पडलं? चौतीस वर्षांत त्यांची गाडी घड्याळाच्या काट्याला चुकली नाही, म्हणून. घरी चहासुद्धा वेळापत्रकाने लागतो म्हणे. वहिनी हसताहेत, म्हणजे खरं असावं. असा माणूस रोज उशीर करतो, अशी तक्रार आली तर कुणाला पटेल? पण बारा वर्षांपूर्वी ती आली. चारची बस रोज दोन मिनिटं मागे, आणि थांबा नसलेल्या जागी थांबते. चौकशीला मला पाठवलं, साध्या कपड्यांत.

त्या रस्त्याने एके काळी ट्राम जायची. ती बंद झाली तेव्हा रूळ कुणी उपटले नाहीत, वरून डांबर ओतलं. उन्हाने डांबर मऊ झालं की अजूनही रूळ कुठेकुठे वर येतात आणि पाण्याखालच्या मासोळीसारखे चमकून जातात. तिसऱ्या बाकावर बसून मी तेच बघत होतो. दुपार जडावली होती, अर्धी बस पेंगत होती. बंद पडलेल्या साबणाच्या कारखान्यापाशी गाडी हळू झाली आणि थांबली. तिथे पाटी नाही, शेड नाही, नुसती लांबच लांब भिंत. भिंतीशी एक म्हातारे गृहस्थ उभे होते, कोटाची सगळी बटणं लावून.

त्यांनी पायरीवरूनच विचारलं, "लाईन मोकळी आहे?"

"मोकळी आहे, मास्तर. या," काटाभाऊ म्हणाले.

मास्तरांनी एकतीस वर्षं ट्राम चालवली होती. पुढच्या बाकावर बसून ते एकेक थांबा सांगू लागले. कापडपेठ. दिव्यांचा चौक. घोड्यांचा हौद. यातलं आज काय उरलंय? पण एका नर्सबाईंनी पुस्तक मिटलं आणि हौद आता दिसेलच अशा नजरेनं बाहेर पाहिलं. वळणावर मास्तरांचा डावा हात हवेतला दांडा सावकाश फिरवी आणि त्याच लयीत काटाभाऊ बस वळवीत. अध्यक्ष महोदया, मी कागदपत्रांचा माणूस. तरी त्या वळणावर मला बसच्या चाकांखाली लोखंड लागल्याचा भास झाला.

चौथ्या थांब्यावर मास्तरांना उतरवून घ्यायला त्यांची लेक गळ्यात टेप अडकवून उभी होती. तिथेच तिचं शिवणकामाचं दुकान. मी उतरून विचारलं, तेव्हा तिने सगळं सांगितलं. वडिलांची आठवण विरत चालली होती. चार वाजले की ते ड्यूटीवर निघत आणि भलतीकडे जात. दोनदा पोलिसांनी आणून सोडलं. एकदा ते रस्त्याच्या मधोमध उभे असताना काटाभाऊंनी बस थांबवून विचारलं, कुठे निघालात? ते म्हणाले, डेपोत, माझी पाळी आहे. काटाभाऊ म्हणाले, मग बसा, मीही तिकडेच निघालोय. तेव्हापासून हे रोजचं झालं होतं.

आणि हे सगळं ऐकून मी काय केलं? ऑफिसात येऊन दोन ओळी लिहिल्या. अनधिकृत थांबा. तक्रार खरी. काटाभाऊंना दुसऱ्या मार्गावर टाकलं. नव्या चालकाला बिचाऱ्याला काही ठाऊक नव्हतं, तो सरळ पुढे गेला.

चौथ्या दिवशी संध्याकाळी लेक आगारात आली. वडील सापडत नव्हते. काटाभाऊ नुकतेच पाळी संपवून आले होते. त्यांनी पाण्याचा पेला तसाच खाली ठेवला आणि मला म्हणाले, चला. कुठे, ते मी विचारलं नाही. ट्रामचा जुना डेपो आता फर्निचरचं गोदाम आहे. आत जमिनीत रूळ तसेच आहेत. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या कपाटांच्या रांगा, वरच्या काचांतून येणारा पिवळा उजेड, आणि एका खोक्यावर ताठ बसलेले मास्तर.

"गाडी का आली नाही?" त्यांनी विचारलं.

काटाभाऊंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग मास्तरांपुढे उकिडवे बसून म्हणाले, "लाईनचं काम निघालं होतं, मास्तर. उद्यापासून सुरू."

उद्यापासून! हे त्यांच्या हातात कुठे होतं? पण शब्द तर देऊन बसले. मी तिथून तडक आमच्या साहेबांच्या घरी गेलो. साहेबांनी विचारलं, त्या जागी चढणारे किती? मी म्हटलं, एक. ते म्हणाले, एका माणसासाठी थांबा करायचा? मी म्हटलं, साहेब, कुठल्याही थांब्यावर आधी एकच माणूस उभा असतो. बाकीचे मागून येतात.

साहेब महिनाभर बघू म्हणाले. दुसऱ्या दिवशी भिंतीवर पाटी लागली, काटाभाऊ परत आले आणि वेळापत्रकात चारच्या बसला दोन मिनिटं वाढवून मिळाली.

मास्तर पुढे अडीच वर्षं त्या बसने गेले. एका दुपारी उतरताना ते काटाभाऊंच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "हात बसला तुझा. आता तूच ने." नंतर ते आले नाहीत. आठवड्याने झोपेतच गेले. त्या थांब्यावर आज सकाळी मी मोजली, चौदा माणसं होती.

आगाराने बोलावलं, आपण शांतपणे ऐकलंत, आपला ऋणी आहे. बोलण्यात पाल्हाळ झाला असेल, कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, तर सभेने सांभाळून घ्यावं. त्या दोन ओळींबद्दल मात्र सभेकडे काही मागत नाही. काटाभाऊ, बारा वर्षांत तुम्ही त्या ओळींबद्दल शब्दही काढला नाहीत, आणि मलाही धीर झाला नाही. आज सर्वांदेखत तुमची माफी मागतो.