अंकुशच्या पिकअपमधला पाहुणा

ऐका आता. शेंगा खायच्या तर खा, टरफलं शेकोटीत टाका, पण मधे कुणी बोलायचं नाही. बोललात तर मी उठून जाईन, मग बसा एकमेकांची तोंडं बघत.

वरच्या आळीतला अंकुश भोईटे. कॉलर वर करून चालणारा, तोच. पेंडीच्या दुकानात पोती उचलायचा, पण ऐट अशी की दुकान याच्याच बापाचं. एक दिवस याच्या मनानं घेतलं, की आपली स्वतःची पिकअप पाहिजे. गावाचा भाजीपाला बाजारला न्यायचा, स्टिअरिंगवर बसायचं, लोकांनी अंकुशशेठ म्हणायचं. बरं, धंदा करावा माणसानं, त्याला कोण नाही म्हणतंय? पण गाडी येते का बाबा तुला? क्लास लावून लायसन काढलेलं आणि मेहुण्याच्या रानात ट्रॅक्टर दोनदा फिरवलेला, एवढीच याची विद्या. तेवढ्यावर बायकोच्या दोन दुभत्या म्हशी विकल्या यानं.  सुमन बिचारी रिकाम्या गोठ्यात जाऊन रडली आणि डोळे पुसून भाकरी थापायला बसली.

सुमनचा भाऊ महादेव, तो फिटर. तो म्हणाला, दाजी, जुनी गाडी आहे, मी येतो बघायला. तर हा म्हणाला, मला काय कळत नाही का? आणि फिटरऐवजी काय घेऊन गेला माहितीये? झेंडूचा हार! गाडी बघायच्या आधीच हार!

तालुक्याला पोपटशेठ म्हणून जुन्या गाड्यांचा दलाल आहे. त्यानं पिकअप धुऊन, टायरला काळं फासून, नवरीसारखी उभी केलेली. आता जुनं डिझेल इंजिन बघायचं तर गार असताना चालू करून बघायचं असतं. मी चुलीपुढची बाई, मला कळतं एवढं. पोपटशेठनं ते सकाळपासून तापवून ठेवलेलं. अंकुशनं काय बघितलं? हॉर्न वाजवला. टेप लावून बघितला. मग सगळे मारतात तशी टायरला एक लाथ मारली आणि म्हणाला, इंजिन चांगलंय. पोपटशेठनं हसू दाबलं आणि म्हणाला, तुम्ही तर मुरलेले ड्रायव्हर दिसता. झालं! ड्रायव्हर हा शब्द ऐकला आणि आमचा गडी विरघळला. जिथं सांगितलं तिथं सही केली.

कागदं होईस्तोवर दिवस मावळला. पोपटशेठसुद्धा म्हणाला, रात्रीचं कावळखिंडीनं जाऊ नका, सपाटीच्या रस्त्यानं जा. पण सपाटीनं घरी पोचायला मध्यरात्र झाली असती. तोवर आळी झोपली असती. मग हार घातलेली गाडी बघणार कोण? म्हणून, ऐका बरं का, चार माणसांनी बघावं म्हणून हा शहाणा अंधारात खिंडीला लागला.

चढ चढताना गाडीनं असा काळा धूर सोडला की मागचं चांदणं दिसेना. अंकुशला वाटलं, ताकद आहे गाडीत! वर खिंडीच्या तोंडाशी ओढ्यावरची मोरी आहे, तिच्याजवळ एक माणूस उभा. खाकी शर्ट, गळ्यात टॉवेल. त्यानं हात केला.

"काय, ड्रायव्हर का?" त्यानं विचारलं.

"ड्रायव्हरच," अंकुश म्हणाला. छाती इतकी फुगली की सीटला पाठ लागेना.

माणूस आत बसला. त्या बाजूचं दार आपटल्याशिवाय लागत नव्हतं, ते याच्यामागं गप लागलं. एवढ्यावरून समजायला पाहिजे की नको? अशा वेळी पाय बघायचे असतात. लहान पोराला ठाऊक आहे. पण हा आरशात स्वतःचे केस बघत होता.

उतार लागला. अंकुश भीत भीत दुसऱ्या गिअरमध्ये उतरत होता, म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा शहाण्यासारखं काहीतरी करत होता. शेजारचा फिसकन हसला. म्हणाला, बायकांसारखा काय चालवतोस? बायकांसारखा म्हणे! मेलं तरी यांची खोड जात नाही. अंकुशचे कान तापले. सगळं सहन होईल, पण कुणी हसलेलं याला सहन होत नाही, लहानपणापासूनचं आहे ते. त्यानं तिसरा टाकला. मग चौथा.

पुढं वळण. शेजारचा म्हणाला, एवढं टिपूर चांदणं पडलंय आणि लाईट लावतोस? आमच्या वेळचे ड्रायव्हर खिंड अंधारात उतरायचे. अंकुशला थंडी वाजत होती, काच तर बंद होती. आत जळक्या रबराचा वास यायला लागला. पण तो पुन्हा हसेल म्हणून यानं लाईट बंद केले.

मग तो म्हणाला, डिझेल फुकट जाळतोस, न्यूट्रल कर. केली. गाडी सुटली. दरी डाव्या हाताला, काळीकुट्ट. अंकुशनं स्टिअरिंग दोन्ही हातांनी कवटाळलं, आणि तरी तोंडानं काय म्हणतो? मी नेहमी असाच उतरतो!

"मग चावी पण फिरव की," शेजारचा हळूच म्हणाला.

आणि फिरवली हो त्यानं! काय म्हणायचं असल्या माणसाला? इंजिन बंद पडलं आणि ब्रेकचा दगड झाला. ब्रेकवर उभा राहिला तरी दबेना. स्टिअरिंग वळेना. गाडी धावतेय, आवाज नाही, नुसता वारा. त्यानं मदतीला शेजारी बघितलं आणि तेव्हा कुठं नजर खाली गेली. पाय उलटे. टाचा पुढं, बोटं सीटकडं.

"लई वर्षं बसलोय मोरीवर," तो म्हणाला. "माझी गाडी इथंच गेली खाली. बदली ड्रायव्हर मिळाल्याशिवाय मला सुट्टी नाही. आज मिळाला."

 अंकुशच्या डोळ्यापुढं सुमन आली, तो रिकामा गोठा आला. आणि जे आयुष्यात कधी तोंडातून निघालं नव्हतं ते निघालं.

"मी ड्रायव्हर नाही," तो रडत म्हणाला. "मला गाडी येत नाही. खरंच येत नाही. मी पेंडीच्या दुकानात पोती उचलतो."

 भुतानं विचारलं, ब्रेक का लागत नाही सांग. माहीत नाही. गाडी घेताना इंजिन गार बघितलंस का? नाही. मग बघितलंस काय? टेप.

भुतानं कपाळाला हात लावला. आता विचार करा त्या बिचाऱ्याचा. इतकी वर्षं वाट बघून हे पदरात पडायचं! हा बदली म्हणून चालणार नाही, आणि इथं मेला तर जन्मभर मोरीवर शेजारी बसून फुशारक्या मारणार. त्यानं अंकुशचा हात झिडकारला, गिअरचा दांडा खर्रकन आत ढकलला आणि हँडब्रेक असा ओढला की मागची चाकं किंचाळली. गाडी घासत घासत तुटक्या कठड्याला भिडली. पुढचं एक चाक दरीवर अधांतरी फिरत राहिलं. भूत खाली उतरलं, गाडीच्या बोनेटवर, त्या हारावर पचकन थुंकलं आणि उलट्या पायांनी खिंड चढून गेलं. मागं वळून बघितलंसुद्धा नाही.

सकाळी महादेवनं दोर लावून गाडी काढली. आणि अंकुश? सात दिवस तापानं फणफणला, आठव्या दिवशी पारावर येऊन सांगायला लागला, की भूत बसलं होतं शेजारी, मी दम देऊन उतरवलं त्याला. दम देऊन! सुमन पाण्याची घागर घेऊन शेजारून चालली होती. तिनं नवऱ्याकडं असं बघितलं की मला कपाळाला हात लावलेल्या त्या भुताचं तोंड दिसलं.

तेव्हा सांगते ते ऐका. रात्रीचं कावळखिंडीनं जायचं नाही. कितीही उशीर होवो, सपाटीनं या. ते अजून बसलंय तिथं, आणि आता तर जास्तच चिडलेलं असणार. हसताय काय रे? अंकुशला काहीच येत नव्हतं म्हणून तो वाचला. तुम्हाला थोडं थोडं येतं.