पहिलं नको

…आणि वर मलाच म्हणतात, "पण तू नको म्हणालास!" अहो, म्हणालो! म्हणालो की, मी कुठे नाकारतोय? पण माणूस नको म्हणाला म्हणजे त्याला नको असतं का? तुम्हीच सांगा! आपण कुणाच्या घरी जातो, काकू विचारते, "चहा टाकू?" आपण काय म्हणतो? "नको नको, आत्ताच झाला." झालेला असतो का? सकाळपासून घशाखाली थेंब उतरलेला नसतो! मग काकू म्हणते, "असं कसं, अर्धा कप!" आपण म्हणतो, "कशाला उगाच त्रास…" काकू म्हणते, "त्रास कसला मेला, आधण ठेवलंच आहे." मग आपण जगावर उपकार केल्यासारखं, "बरं… तुम्ही एवढं म्हणताय तर…" आणि दोन कप पितो, बशीतल्यासकट! म्हणजे पहिलं नको हे नको नसतंच मुळी. ते आपलं म्हणायचं असतं. हे मला कळतं, तुम्हाला कळतं, काकूला तर कळतंच कळतं. कळत नाही ते फक्त ह्या लोकांना. हे लोक एकदाच विचारतात हो, एकदाच!

आता मी शिकायला आलोय ते विद्यापीठ म्हणजे, तुम्हाला सांगतो, एवढंसं. पुढे एक इमारत, मागे एक इमारत, मध्ये सायकली. एका कोपऱ्यात शिंकलं की दुसऱ्या कोपऱ्यातून कुणीतरी काळजी घे म्हणतं. देशोदेशीची पोरं, सगळा कारभार इंग्रजीत, आणि इंग्रजी घरचं कुणाचंच नाही! प्रत्येकानं आपापल्या गावाहून आणलेलं इंग्रजी, कुणाचं कुणाला लागत नाही. फाटकाबाहेरची पाववाली तर तिच्याच भाषेत बोलते, तिथे आम्ही सगळे बोटं दाखवून जगतो. पण एक गोष्ट ह्या सगळ्यांना जमते. हो असेल तर हो म्हणतात, नाही असेल तर नाही. इतक्या देशांत मी एकटाच निघालो दोन्हींच्या मधला.

पहिल्याच संध्याकाळचं घ्या ना. प्रवासानं अंग आंबलेलं, पोटात कावळे कोकलतायत, आणि वसतिगृहाच्या बाई मोठ्या प्रेमानं म्हणाल्या, "सूप घेणार का? गरम आहे." मी म्हटलं, "नको, असू दे." आणि बाईंनी झाकण ठेवलं! माझ्या डोळ्यांदेखत! मी आपला दारात उभा, ह्या पायावरून त्या पायावर. बाई म्हणतात, "आणखी काही हवं होतं का?" आणखी? आधीचं कुठे मिळालंय? "नाही, काही नाही," म्हटलं आणि खोलीत जाऊन आईनं दिलेल्या बिस्किटांचा पुडा फोडला. एकदाच विचारतात हो!

बरं, सूप गेलं तर गेलं, सुपानं काय होतंय. पण सरांचं काय? मी घरदार सोडून एवढ्या लांब आलो तो ह्या सरांसाठी. ते मातीचे सर. डोंगरउताराची माती पावसात का घसरते आणि ती कशी धरून ठेवायची, ह्यात त्यांनी उभं आयुष्य घातलंय. माझ्या घरामागे डोंगर आहे. दर पावसाळ्यात तो थोडा खाली येतो. बाबा दर उन्हाळ्यात दगडांचा बांध घालतात आणि डोंगर दर पावसाळ्यात बांध घेऊन अंगणात उतरतो. मागच्या खेपेला गोठ्याची भिंत गेली. हसण्यावारी नेलं सगळ्यांनी, पण त्या रात्रीपासून आई मागच्या खोलीत झोपत नाही. मला ते शिकायचंय, दुसरं काही नाही. आणि सरांच्या प्रयोगशाळेत विद्यार्थ्याला जागा एकच.

तर सरांनी एक दिवस मला जिन्यात गाठलं. सर उंच, शांत, एक वाक्य बोलले की थांबणार. म्हणाले, "पुढच्या वर्षी माझ्याबरोबर प्रयोगशाळेत काम करायला आवडेल तुला?" अहो, आत नुसत्या उकळ्या फुटत होत्या! आणि तोंड काय म्हणालं? "छे छे, सर, मी कुठे! माझ्यापेक्षा कितीतरी हुशार मुलं आहेत." असं म्हणून मी मान खाली घातली आणि थांबलो. कशासाठी? आग्रहासाठी! आता म्हणतील, अरे वेड्या, असं कसं, तूच हवास… मी आपला पायरीकडे बघतोय, पायरी माझ्याकडे बघतेय. शेवटी सर म्हणाले, "स्पष्ट सांगितलंस, बरं वाटलं. तुझ्या निर्णयाचा मला आदर आहे." माझा निर्णय? मी कधी घेतला? तोवर सर दोन पायऱ्या उतरलेसुद्धा!

आणि खाली कोण उभा? माझा खोलीतला जोडीदार. ह्याचं नाव मी होयबा ठेवलंय, कारण कुणी काही विचारलं की हा पहिला हो म्हणतो, प्रश्न नंतर ऐकतो. सरांनी त्याला विचारलं. तोंडात पाव होता त्याच्या. पावासकट म्हणाला, "हो." झालं! गेली जागा! ज्याला माती आणि मैदा ह्यांतला फरक चाखल्याशिवाय कळायचा नाही, तो मातीच्या सरांचा मदतनीस, आणि मी जिन्यात कठडा धरून उभा.

आईला फोन केला. तिला वाटलं, पोरगं आजारी पडलं. सगळं सांगितलं तर म्हणते, "बरोबर केलंस! लगेच हो म्हणायचं का, हावऱ्यासारखं? विचारतील परत."

"अगं आई, ते एकदाच विचारतात!"

"असं कसं? त्यांच्या घरात मोठं माणूस नाही का कुणी?"

मग मी ठरवलं, आपण आपल्या रीतीनं जायचं. आडून. सरांना गाठलं आणि म्हटलं, "सर, प्रयोगशाळेत एकट्याला फार काम पडत असेल, नाही?" सर म्हणाले, "पडायचं. म्हणून तर मदतनीस घेतला." दुसऱ्या दिवशी म्हटलं, "सर, मला हल्ली संध्याकाळी काहीच काम नसतं." सर म्हणाले, "छान. विश्रांती हवीच." आता ह्याहून स्पष्ट कसं बोलायचं? आमच्या घरी एवढ्यात लग्नं ठरली असती!

होयबा मला म्हणाला, "तुला हवं होतं तर जाऊन सांग ना, मला हवंय."

मी म्हटलं, "अरे, असं तोंडानं कसं मागायचं?"

म्हणाला, "मग कशानं मागतात?"

मग मी त्याला काकूचा चहा पहिल्यापासून समजावून सांगितला. वसतिगृहाच्या बाईंना कुठून तरी कळलं, त्या म्हणाल्या, "तू नाही म्हणालास म्हणे. धाडस लागतं त्याला." विद्यापीठ एवढंसं ना, चार दिवसांत माझ्या निर्णयाचा आदर पार ग्रंथालयापर्यंत पोचला. मला एवढा मान जन्मात मिळाला नव्हता, आणि मी रात्रंदिवस तळमळतोय!

आणि मग देव पावला. सरांचं काम वाढलं आणि आणखी एक जागा निघाली. होयबा गुणाचा हो, त्यानं सरांना सांगितलं, "त्याला विचारा. पण त्यांच्यात एकदा विचारून भागत नाही, परत परत विचारावं लागतं." सर पडले संशोधक, नवी माहिती मिळाली की ती वापरून बघणारच. मला खोलीत बोलावलं.

ह्या वेळी मी पक्की तयारी केली होती. आरशासमोर उभं राहून, हो. जिना चढताना, हो. हो, हो, हो! सरांनी नुसतं, "तुला माझ्याबरोबर…" म्हटलं आणि मी ओरडलो, "हो!!" शेजारच्या खोलीचं दार उघडलं कुणीतरी. बघा! जमलं की नाही? पहिल्या फटक्यात! लाज नाही, शरम नाही, सरळ हो!

पण सरांच्या डोक्यात होयबाचं बोलणं. ते माझ्याकडे बघत म्हणाले, "नक्की?"

"हो."

ते थांबले. म्हणाले, "माझ्यासाठी म्हणून हो म्हणू नकोस हं. नक्की ना?"

"हो… म्हणजे… हो."

आणखी थांबले. आणि अगदी मायेनं म्हणाले, "मागे तू नाही म्हणाला होतास. खरंच हवंय का तुला?"

खरंच हवंय का! आता सांगा, आपल्याकडे "खरंच हवंय का?" असं कधी विचारतात? आत्या भाताचं पातेलं कलतं धरून विचारते, "अजून हवाय का रे? खरंच हवाय?" आणि पलीकडून आई डोळे मोठे करते. कारण पातेल्यात आत्याच्याच वाटणीचं तेवढं उरलेलं असतं! तेव्हा शहाण्या मुलानं काय म्हणायचं, हे मला चमचा धरता येत नव्हता तेव्हापासून शिकवलंय. मला वाटलं, सरांनी दुसऱ्या कुणाला शब्द दिलाय. बिचारे अडचणीत आहेत, मोठा माणूस, किती वेळा सुचवणार? मी जीव खाऊन ओठ मिटून धरले हो! पण वळण कुठे जातंय?

"राहू दे, सर," मी म्हणालो.

सरांनी उठून माझा हात हातात घेतला. "आता माझी पूर्ण खात्री झाली," म्हणाले, "तीनदा विचारलं मी." आणि ती जागा काढूनच टाकली. मी खाली अंगणात जाऊन सायकलींच्या मागे उभा राहिलो आणि रडलो, खोटं कशाला सांगू.

मग सगळं काम पडलं होयबाच्या गळ्यात. संध्याकाळी हा खोलीत आला, कोपरापर्यंत चिखल, दारातूनच म्हणाला, "मातीची खोकी उचलायला येतोस?" आणि उत्तर ऐकायलाही न थांबता चालता झाला. आणि मी चप्पल शोधत त्याच्या मागे! तेव्हापासून रोज खोकी मी उचलतो, डोंगरउतारासारखी तिरकी मी करतो, पावसासारखं पाणी मी सोडतो, माती कुठे फाटते ते मी बघतो. होयबा खुर्चीत बसून पाव खातो, आणि नाव त्याचं. शिकतोय मी, ते खरं, बाबांना बांधाचं नवीन सांगितलंही परवा. पण विद्यापीठाच्या लेखी मी तिथे नाहीच. सर येता-जाता बघतात, थांबतात, आणि परवा न राहवून होयबाला बाजूला घेऊन विचारत होते, "मी तीनदा विचारलं तरी नाही म्हणाला हा. तू काय केलंस?"

होयबा म्हणाला, "एकदाच विचारलं."